आमटी आटली, मीठ घातलं

आमटी आटली की तिच्यात पाणी घालतात, मीठ नाही. पाण्याची वाफ झाली, मीठ भांड्यातच राहिलं, हे स्वयंपाकघरात कुणाला सांगावं लागत नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीचंही तसंच आहे. प्रस्तुत लेखकाला ते उमगलं तेव्हा त्याच्या घरची जेमतेम दोन वर्षांची ट्यूब्युलर बॅटरी भंगारात निघाली होती.

मे महिना होता. रात्री लाइट जायची आणि चार तास चालणारे पंखे दीड तासात थांबायचे. बॅटरीवाला सकाळी आला, तेव्हा रात्रभराच्या वापराने बॅटरी पुरती उतरलेली होती. त्याने बुचं काढली, हायड्रोमीटर बुडवला, काच डोळ्यांसमोर धरली. "साहेब, ग्रॅव्हिटी अकराशे साठ. ॲसिड मेलंय." पांढऱ्या कॅनमधून त्याने सहाही सेल भरले. बॅटरीवाला घालतो ते बॅटरीचं पाणी, अशा समजुतीने कॅनमध्ये काय आहे हे कुणी विचारलं नाही.

ॲसिड मरत नसतं. बॅटरी वापरली की गंधकाम्लातलं सल्फेट शिशाच्या प्लेटांवर जाऊन बसतं, द्रव पातळ होतो, आकडा उतरतो. चार्ज केली की ते परत द्रवात येतं आणि आकडा चढतो. १८५९ साली गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाची पहिली बॅटरी केली, तेव्हापासून तिचं काम या ये-जेवरच चाललं आहे. घटतं ते फक्त पाणी. चार्जिंग संपत येताना त्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडून जातो. त्या माणसाने बॅटरी आधी पूर्ण चार्ज होऊ दिली असती आणि मग ग्रॅव्हिटी पाहिली असती, तर एवढं झालंच नसतं. रोज दहा बॅटऱ्या हाताळणाऱ्याला हे ठाऊक नसावं?

पहिले काही आठवडे बॅकअप सुधारल्यासारखा वाटला. तीव्र ॲसिडने व्होल्टेज किंचित वाढतं, म्हणून तसं वाटतं. पण तेच ॲसिड प्लेटांची जाळी खात राहतं. वर हायड्रोमीटरही फसवू लागतो, अर्धवट चार्ज झालेली बॅटरी भरलेली दाखवतो.

दिवाळीच्या आधी बॅटरीने मान टाकली. वॉरंटी शिल्लक होती. कंपनीच्या माणसाने ती पूर्ण चार्ज करून मोजली, तर आकडा आला १२९०. या बॅटरीला १२४० च्या आसपास हवा होता. "यात ॲसिड घातलंय. क्लेम बसणार नाही." बॅटरीवाल्याने कानांवर हात ठेवले. "मी तर फक्त पाणी घातलं." त्याच्या पावतीवर एकच शब्द होता, सर्व्हिसिंग.

तेव्हा घरात चादर आठवली. सांडलेलं पुसायला शेजारची जुनी सुती चादर त्यानेच ओढून घेतली होती. धुतल्यावर तिला मसुराएवढी भोकं पडली, कडेला बोट लावलं तरी सूत गळून यायचं. बॅटरीखालच्या शहाबादी फरशीवरही पांढुरके, खरबरीत डाग उठले होते. शहाबादी म्हणजे चुनखडीचाच दगड, ॲसिड पडलं की फसफसून उसळतो. चादर दाखवली, तर मोबाइलवरची नजर न काढता तो म्हणाला, "उंदीर लागला असेल." लेखकाच्या आईने तिथल्या तिथे विचारलं, "उंदीर फरशी पण खातात का रे?" त्याने उत्तर दिलं नाही आणि पैसेही दिले नाहीत.

ज्यांच्या घरी अशी बॅटरी आहे, त्यांनी एवढं तरी पक्कं धरावं. ॲसिड नव्या, कोरड्या बॅटरीत एकदाच भरतात, तेही दुकानात. नंतर फक्त डिस्टिल्ड वॉटर. नळाचं नको आणि आरओचंही नको, त्यात क्षार उरतात. बॅटरी कलंडून द्रव सांडला, तरच ॲसिडचा प्रश्न येतो, आणि तेही तिच्या ग्रॅव्हिटीला जुळणारं हवं. पाणी पूर्ण चार्जनंतर खुणेपर्यंत घालावं, कारण चार्जिंगमध्ये पातळी वर येते. प्लेटा उघड्या पडल्या असतील, तर आधी त्या बुडण्यापुरतं घालून मग चार्जिंग करावं. लाइट गेली म्हणून मेणबत्ती घेऊन सेलमध्ये डोकावणारे लोक आहेत. हवेत ४ टक्के हायड्रोजनही पेट घ्यायला पुरतो, तेव्हा टॉर्चच वापरावा. घरी ॲसिड पातळ करण्याच्या भानगडीत पडू नये. जाणकार करतात तेव्हाही पाण्यात ॲसिड सोडतात, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. तसं केलं तर ते उकळून अंगावर उडतं. डोळ्यांत थेंब गेला, तर सोडा वगैरे शोधत न बसता वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटं डोळे धुवावेत आणि लगेच डॉक्टरकडे जावं. हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी हे आहेच.

आणि कॅनवर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय बूच उघडू देऊ नये. नवी बॅटरी बसवणाऱ्याला लेखकाने ती चादर दाखवली आणि मगच सर्व्हिसिंगचं बोलणं केलं. आता पावतीवर 'फक्त डिस्टिल्ड वॉटर, दीड लिटर' असं लिहून येतं, खाली सही असते.