हेड्रियनची भिंत : दोन दिवसांत तीन रोमन ठाणी

उत्तर इंग्लंडमधली हेड्रियनची भिंत ११७ किलोमीटरची. सम्राट हेड्रियनने इ.स. १२२ मध्ये तिचं काम सुरू करवलं. ती अख्खी चालायला आठवडा लागतो आणि न्यूकॅसल व कार्लाइलच्या बाजूला पाहण्यासारखं उरलंय थोडंच. हाताशी शनिवार-रविवारच असतील, तर मधला डोंगरी पट्टा गाठा.

सह्याद्रीतल्या तटबुरुजांची सवय असलेल्यांचा इथे आधी हिरमोड होतो. ठाण्यांच्या भिंती बऱ्याच ठिकाणी गुडघ्या-कंबरेएवढ्याच. पण गडावरची जोती ओळखता येत असतील, तर अर्धं काम झालं. आराखडा ठरलेला असतो : गोलसर कोपऱ्यांचा आयत, चार बाजूंना दरवाजे, मधोमध कचेरी, तिच्या आजूबाजूला सेनाधिकाऱ्याचं घर नि धान्यकोठारं, बाकी जागेत बराकी. एक ठाणं नीट पाहिलं की पुढची आपोआप उलगडतात.

पहिला दिवस : स्टील रिगहून पूर्वेला हाउसस्टेड्सच्या ठाण्यापर्यंत चाला. अंतर जेमतेम पाच किलोमीटर, पण चढ-उतार दमवणारे. अडीच तास धरा. वारा बहुतेकदा पश्चिमेचा, म्हणजे पाठीशी राहतो. भिंत कड्याच्या धारेवरून जाते. वाटेत सिकॅमोर गॅपची खिंड लागते. तिथलं प्रसिद्ध झाड २०२३ मध्ये रातोरात कापलं गेलं. हाउसस्टेड्सला सुमारे ८०० सैनिक असत. कोठारांत जमीन उचलून धरणारे दगडी खांब पाहा. धान्याला ओल लागू नये म्हणून खालून हवा खेळती ठेवलेली. आग्नेय कोपऱ्यातलं सामुदायिक शौचालय चुकवू नका. पाण्याच्या टाक्या आणि मैला वाहून नेणारा खोल चर अजून स्पष्ट दिसतात.

दुसरा दिवस : सकाळी विंडोलांडा. हे ठाणं भिंतीच्याही आधीचं. ओल्या, हवाबंद मातीत इथे चामड्याचे जोडे आणि शाईने लिहिलेल्या पातळ लाकडी पट्ट्या टिकल्या. त्यांतल्या एकीवर क्लॉडिया सेव्हेरा या सेनाधिकाऱ्याच्या पत्नीने मैत्रिणीला वाढदिवसाचं आमंत्रण दिलंय. उन्हाळ्यात उत्खननही चालू दिसतं. दुपारी चेस्टर्स : घोडदळाचं ठाणं आणि नॉर्थ टाइन नदीकाठचं स्नानगृह, ज्याच्या भिंती अजून माणसाहून उंच आहेत. १९व्या शतकात इथले जमीनदार जॉन क्लेटन यांनी भिंतीलगतच्या जमिनी विकत घेतल्या, म्हणून इथले बरेच दगड शेतांच्या कुंपणांत जाण्यापासून वाचले.

जायचं कसं : न्यूकॅसल-कार्लाइल रेल्वेने हेक्सम किंवा हॉल्टव्हिसल. तिथून 'एडी १२२' ही बस तिन्ही ठाण्यांजवळ जाते. ती हंगामीच धावते, फेऱ्याही मोजक्या. परतीची वेळ आधी पाहून ठेवा.

पथ्यं : मे ते ऑक्टोबर हा काळ बरा. हिवाळ्यात ओल्या जमिनीवर पावलं पडली की खालचे अवशेष उघडे पडतात. भिंतीवर चढू नका. गवतातून एकामागोमाग न चालता शेजारी-शेजारी चाला, म्हणजे एकच पायवाट खणली जात नाही. मेंढ्यांच्या कुरणातलं फाटक उघडलंत, तर लावूनच पुढे व्हा.