बिल्बाओच्या रात्रीनंतर

पलसाणा, 27 मे 2025

चि. भाचेरावांस मामाचे अनेक आशीर्वाद.

गुरुवारी पहाटे अडीचला तू पाठवलेला निरोप मामाने रात्रपाळी सुटल्यावर मिलच्या फाटकाशी उभं राहून वाचला. ‘बस झालं. त्या अमोरिमला हाकला, नाहीतर आता मीच दुसरा संघ धरतो.’ पुढे ज्या शिव्या होत्या त्या वाचून मामाला वाईट वाटलं. हरल्याचं दुःख त्यालाही कळतं. पण ज्या प्रशिक्षकाला मँचेस्टर युनायटेडमध्ये येऊन सात महिनेही झाले नाहीत, त्याच्या आईबापापर्यंत जायचं काय कारण?

राग यावा असंच घडलंय, ते आधी मान्य. मँचेस्टर युनायटेड लीगमधले 38 पैकी 18 सामने हरला, 42 गुणांवर अडकला आणि पंधरावा आला. 1973-74 मध्ये संघ खालच्या विभागात ढकलला गेला होता, त्यानंतर इतका वाईट हंगाम त्याने पाहिलेला नाही. त्यावर बिल्बाओला युरोपा लीगचा अंतिम सामना टॉटनहॅमविरुद्ध 1-0 ने गमावला. टॉटनहॅम स्वतः लीगमध्ये सतरावा, आणि एकाच हंगामात त्याने युनायटेडला चारदा हरवलं. रात्र जागून हे पाहायचं आणि सकाळी कॉलेजात जायचं म्हणजे जीव जळणारच.

पण मामाच्या खात्यात गेल्या वर्षी काय झालं ते ऐक. नवे डाइंग मास्तर आले आणि पहिल्याच आठवड्यात बाटली-हिरव्या रंगाचे लॉट बिघडले. लॅबमध्ये शेड बरोबर उतरायची, पण जेट मशीनमधून ताका बाहेर आला की एका कडेला गडद, दुसऱ्या कडेला फिका. पॉलिएस्टरला रंग धरायला 130 अंशांचं तापमान लागतं. वाफ कमी पडली की तिथवर पोहोचायलाच उशीर होतो आणि रंग सारखा चढत नाही. मास्तर बदला, अशी ओरड लगेच सुरू झाली. मास्तरांनी मात्र आठवडाभर रंगाला हात लावला नाही. आधी बॉयलरचा दाब पाहिला, पाणी तपासायला पाठवलं, ग्रे कापडावरचं तेल नीट धुतलं जातंय का ते पाहिलं. प्रत्येक लॉटची वितीएवढी चिंधी कापून, तिच्यावर तारीख घालून ते खिडकीशी टांगत आणि सकाळच्या उजेडात एकेक बघत. मामा रोज त्या चिंध्या पाहायचा. चौथ्या आठवड्यात दोन्ही कडा एकसारख्या दिसायला लागल्या.

आयएसएलमधल्या आपल्या मुंबई सिटीचंही 2021-22 मध्ये असंच झालं होतं. त्याआधीच्या हंगामात प्रशिक्षक सर्जिओ लोबेरांनी गुणतक्त्यातल्या अव्वल संघाची लीग शील्ड आणि आयएसएल करंडक दोन्ही मिळवून दिले. मग लोबेरा गेले. गोल करणारा ओगबेचे हैदराबादला गेला, ह्युगो बुमू आणि कर्णधार-गोलरक्षक अमरिंदर सिंग कोलकात्याच्या मोहन बागानला गेले. लोबेरांच्या जागी आले डेस बकिंगहॅम. सुरुवात जोरात झाली, पण डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी उजाडेपर्यंत एकही विजय नाही. कोरोनामुळे सगळे सामने गोव्यात, रिकाम्या मैदानांवर. शेवटी 31 गुण, पाचवा क्रमांक आणि उपांत्य फेरी हुकली. तिकडे ओगबेचेच्या गोलांवर हैदराबादने करंडक नेला. त्या वेळी बकिंगहॅमला घालवा म्हणणाऱ्यांत मामाही होता.

आणि लगेच एप्रिलमध्ये रियाधला मुंबईने इराकच्या एअर फोर्स क्लबला 2-1 ने हरवलं. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय. विजयी गोल डोक्याने मारला तो आपल्या मुंबईच्याच राहुल भेकेने. पुढच्या हंगामात तेच बकिंगहॅम, आणि संघ लीगमध्ये सलग 18 सामने अपराजित, 46 गुण, शील्ड घरात.

थांबलं की सगळं जमतंच, असं मात्र मामा तुला सांगणार नाही. तू युनायटेडच्या फर्ग्युसनचं नाव सारखं घेतोस. नोव्हेंबर 1986 मध्ये ते आले, पहिलाच सामना ऑक्सफर्डकडून 2-0 ने हरले, 1989-90 मध्येही संघ तेरावाच होता, आणि लीग जिंकायला 1993 उजाडलं. हे खरं. पण डेव्हिड मोएसना 2013 मध्ये सहा वर्षांचा करार देऊन दहा महिन्यांत घरी पाठवलं, हेही त्याच क्लबचं. बकिंगहॅमचंच बघ ना. मुंबई सोडून त्याच ऑक्सफर्डला गेले, मे 2024 मध्ये वेम्बलीवर बोल्टनला हरवून संघाला वरच्या विभागात नेलं, आणि सात महिन्यांत काढून टाकले गेले. अमोरिमचं काय होईल ते आज कुणाला सांगता येणार नाही. म्हणून तू त्यांना चांगलं म्हण, असं मामाचं म्हणणंच नाही. शेरा मारण्याआधी त्यांच्या हाती काय आलं ते तपास, एवढंच. हंगाम सुरू असताना मध्येच ते आले. सरावाचा उन्हाळा मिळाला नाही. तीन बचावपटूंची त्यांची मांडणी वेगळी, आणि खेळाडू दुसऱ्याच मांडणीसाठी विकत घेतलेले.

ऑगस्टमध्ये नवा हंगाम सुरू होईल तेव्हा एक वही घे. पहिले सहा सामने गुणतक्ता बाजूला ठेव. चेंडू हरवला की मधल्या फळीतले दोघे कुठे धावतात, कडेचा खेळाडू वर गेला की त्याच्या मागची मोकळी जागा कोण भरतं, तोच गोल पुन्हा पुन्हा खातायत का, हे तारीख घालून लिही. सहाव्या सामन्यालाही चूक पहिल्यासारखीच असेल तर खुशाल म्हण की हा माणूस शिकवत नाही. तसं कागदावर दिसलं तर मामा तुझ्या बाजूने बोलेल.

आणि दुसरा संघ धरण्याचं. 24 एप्रिल 2024 आठवतोय? फातोर्ड्याला आयएसएलच्या उपांत्य सामन्याचा पहिला टप्पा, गोवा मुंबईच्या 2-0 ने पुढे. मुंबईचे प्रशिक्षक क्रात्की डिसेंबरातच आलेले, ग्रेग स्टुअर्ट जानेवारीत सोडून गेलेला, शील्ड नऊच दिवसांपूर्वी शेवटच्या सामन्यात मोहन बागानने नेलेली. 88व्या मिनिटाला मामाने वैतागून मोबाइल बंद केला आणि डबा भरायला उठला. दहा-बारा मिनिटांनी तुझा फोन आला, तू नुसता ओरडत होतास. 90व्या मिनिटाला छांगटे, पुढच्याच मिनिटाला विक्रम प्रताप, आणि मग पुन्हा छांगटे. 3-2. दहा दिवसांनी कोलकात्यात मोहन बागानलाच 3-1 ने हरवून मुंबईने करंडक उचलला, तेव्हाही तू मामाशी फोनवर होतास. मामाने ते तीन गोल नंतर कितीदा तरी पाहिले, पण घडताना पाहिले ते तू.

त्या विजयानंतर भेके, दियाझ, नोगेरा तिघेही बंगळुरूला गेले, आणि यंदा 29 मार्चला त्याच बंगळुरूने आपल्याला 5-0 ने घरी पाठवलं. मामाने तो सामना मात्र शेवटच्या शिट्टीपर्यंत पाहिला.

कॉलेजला सुट्टी लागली की ये. नंदुरबारहून ताप्ती लाइनची पॅसेंजर पकड आणि चलथाणला उतर, मामा गाडी घेऊन स्टेशनवर येईल. मामीने केसर आंबे पेंढ्यात घालून ठेवलेत. ताईला नमस्कार सांग. आणि ऑगस्ट उजाडला की ती वही विसरू नकोस.

तुझा,
मामा