जुन्या पथदिव्यांचे चोक : दोषनिदान आणि सुरक्षित देखभाल

नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवावयाच्या अठरा कार्यांची सूची ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत समाविष्ट केली. तीत सार्वजनिक सुविधांच्या सतराव्या नोंदीत पथदिव्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रमाखाली देशभरात १ कोटी ३० लाखांहून अधिक एलईडी पथदिवे बसविण्यात आले. तथापि जुने रस्ते, कारखान्यांची आवारे, गोदामे आणि उंच मनोरे येथे सोडियम व्हेपर व मेटल हॅलाइड दिवे काही ठिकाणी आजही सेवेत आहेत. दिवा पेटतो म्हणजे त्याचा परिपथ निर्दोष आहे, असे या दिव्यांबाबत गृहीत धरले जाते. हे गृहीतक का चुकीचे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चोकचे कार्य

उच्च तीव्रतेच्या दिव्यात तार तापून प्रकाश देत नाही. वायू व धातूच्या बाष्पातून होणाऱ्या विद्युत विसर्जनामुळे प्रकाश मिळतो. एकदा विसर्जन सुरू झाले की त्याचा रोध घटत जातो आणि प्रवाह अनिर्बंध वाढू पाहतो. हा प्रवाह मर्यादित ठेवण्याचे काम बॅलास्ट करतो. कारागिरांच्या भाषेत यालाच चोक म्हणतात. लोखंडी गाभ्यावरील तांब्याच्या तारेचे वेटोळे, असे त्याचे साधे स्वरूप असते. दिवा पेटविण्यासाठी सुमारे ३ ते ५ हजार व्होल्टचे क्षणिक स्पंद देणारा इग्नायटर आणि पॉवर फॅक्टर सुधारणारा कपॅसिटर हे त्याचे दोन सहकारी होत.

जीर्णतेची कारणे

चोकचे आयुष्य प्रामुख्याने वेटोळ्याच्या तापमानावर अवलंबून असते. चोकवर ‘टीडब्ल्यू १३०’ अशी खूण असल्यास वेटोळ्याचे तापमान १३० अंश सेल्सिअसपर्यंत राहिले तर दहा वर्षांचे अखंड आयुष्य अपेक्षित असते. त्यापुढे दर दहा अंशांच्या वाढीस आयुष्य साधारणतः निम्मे होते. बंद पेटीतील उष्णता, वाढीव व्होल्टेज, पावसाळी ओल आणि सैल जोडण्या यांमुळे विद्युतरोधक आवरण ठिसूळ होते. निकामी दिवा बदललाच नाही, तर इग्नायटर सतत स्पंद देत राहतो आणि त्याचा ताण याच आवरणावर पडतो.

दोषनिदानाचा क्रम

दिवा पेटून काही मिनिटांनी विझतो, थंड झाल्यावर पुन्हा पेटतो व पुन्हा विझतो, हे सोडियम दिव्याच्या आयुष्याच्या अखेरीचे परिचित लक्षण होय. अशा वेळी चोक बदलणे म्हणजे व्यर्थ खर्च; म्हणून प्रथम खात्रीचा दिवा लावून पाहावा. तरीही दिवा न पेटल्यास पुरवठा, जोडण्या, इग्नायटर आणि शेवटी चोक असा तपासणीचा क्रम ठेवावा. इग्नायटर जोडलेला असताना दिव्याच्या होल्डरवर मल्टीमीटर लावू नये. उच्च व्होल्टेजच्या स्पंदांनी मीटर निकामी होतो व तपासणाऱ्यासही धोका संभवतो.

पुरवठा पूर्ण तोडल्यावर चोकचे वेटोळे सुटे करून त्याचा रोध मोजावा. मीटर अनंत रोध दाखवीत असल्यास वेटोळे तुटलेले आहे. ५०० व्होल्टच्या मेगरने वेटोळे आणि गाभा यांमधील रोध एक मेगाओमपेक्षा कमी आढळल्यास तो चोक सेवेतून काढावा. जळकट वास, काळवंडलेले आवरण आणि वाढलेली घरघर ही पूर्वसूचनेची चिन्हे होत.

न दिसणारा दोष

कपॅसिटर आतून खुला झाला तरी दिवा पूर्वीसारखाच प्रकाश देतो. म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षे लपून राहतो. उदाहरणार्थ, २५० वॉटच्या सोडियम दिव्याचा प्रवाह सुमारे ३ अँपिअर असतो. चोकमधील व्यय धरून परिपथाची शक्ती २८० वॉट मानल्यास, २३० व्होल्टवर पॉवर फॅक्टर जेमतेम ०.४ येतो. कपॅसिटरने तो ०.९ झाला की पुरवठ्यातील प्रवाह सुमारे १.३५ अँपिअरवर येतो. केबलमधील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने कपॅसिटर निकामी झाल्यास ती सुमारे पाचपट होते. म्हणून क्लॅम्प मीटरने वेळोवेळी प्रवाह मोजणे ही देखभालीची पहिली पायरी ठरते.

सुरक्षिततेची पथ्ये

पथदिवे दिवसा बंद दिसतात; परंतु टायमर केव्हाही पुरवठा सुरू करू शकतो. यास्तव फीडर पिलरमधील स्विच बंद करून कुलूप व सूचनाफलक लावावा आणि पुरवठा खरोखर बंद असल्याची मीटरने खात्री करावी. कपॅसिटरमधील भार योग्य रोधकामार्फत उतरवावा. त्यासाठी पेचकसाने टोके जोडण्याची सवय घातक आहे. नवा चोक दिव्याच्या वॉटेजशी व प्रकाराशी जुळणाराच असावा. २५० वॉटच्या मर्क्युरी दिव्याचा चोक तेवढ्याच वॉटच्या सोडियम दिव्यास चालत नाही, कारण दोहोंचे प्रवाह भिन्न असतात. जुन्या पेटीत एलईडी बसविताना चोक आणि इग्नायटर दोन्ही परिपथातून काढावेत.

सर्वांत गंभीर धोका अर्थिंगच्या अभावाचा होय. चोकचे आवरण फुटून वीज लोखंडी खांबात उतरली आणि अर्थिंग तुटलेले असले, तर फ्यूज वितळत नाही. पावसात त्या खांबाला हात लावणारा पादचारी किंवा चिमुकला विद्यार्थी बळी पडू शकतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी प्रत्येक खांबाचे अर्थिंग तपासणे अनिवार्य मानावे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम, २०२३ हे या क्षेत्रातील मूलभूत नियमन होय. कंत्राटी कामगारालाही हातमोजे, सुरक्षा पट्टा आणि प्रशिक्षण मिळणे, ही केवळ सौजन्याची बाब नव्हे.

विल्हेवाट

फार जुन्या कपॅसिटरमध्ये पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल हे घातक द्रव्य असू शकते. स्टॉकहोम करारास भारताने २००६ मध्ये मान्यता दिली असून, त्यात या द्रव्याची उपकरणे २०२५ पर्यंत वापरातून दूर करण्याचे उद्दिष्ट आहे. गळका कपॅसिटर उघड्या हातांनी हाताळू नये. दिव्यांतील पाऱ्यामुळे ते भंगारात न फोडता, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे द्यावेत.

समारोप

नव्या तंत्रज्ञानाचा स्वीकार ही विकासाची एक बाजू. जुनी मालमत्ता सेवेतून जाईपर्यंत सुरक्षित राखणे ही दुसरी. स्थानिक स्वराज्य संस्थेची कार्यक्षमता केवळ उजळलेल्या रस्त्यांवरून नव्हे, तर त्यामागील परिपथाच्या नियमित तपासणीवरूनही जोखली पाहिजे.

सरावासाठी प्रश्न

१. विद्युत विसर्जन दिव्यास चोकची आवश्यकता का असते?
२. कपॅसिटर निकामी होऊनही दिवा पेटत राहिल्यास कोणते दुष्परिणाम संभवतात?
३. पथदिव्यांच्या देखभालीतील नागरी संस्थांची जबाबदारी बाराव्या अनुसूचीच्या संदर्भात स्पष्ट करा.