सुजलेले डोळे आणि साधी सर्दी

आमच्या शेजारचा चार वर्षांचा मुलगा एके दिवशी सकाळी उठला, तो त्याचे डोळे सुजलेले. आजी म्हणाली, "रात्री काहीतरी चावलं असेल." दुपारी सूज उतरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठ दिवसांत पाय सुजले, पोट फुगले. लघवी थोडी आणि फेसाळ होऊ लागली. तालुक्याच्या डॉक्टरांनी लघवी तपासली. म्हणाले, "हा नेफ्रॉटिक सिंड्रोम."

नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. कमरेच्या वर पाठीच्या बाजूला दोन मूत्रपिंडे असतात. ती रक्त गाळतात. चहाची गाळणी पत्ती अडवते, चहा सोडते. तशी मूत्रपिंडे घाण पाणी सोडतात आणि चांगली प्रथिने अडवतात. या रोगात गाळणीची भोके जणू मोठी होतात. प्रथिने लघवीतून वाहून जातात, म्हणून फेस. रक्तातले पाणी अंगात झिरपते, म्हणून सूज. लाखभर मुलांत वर्षाला बोटांवर मोजण्याइतक्याच मुलांना हा रोग होतो. गोळ्यांनी बहुतेकांची सूज उतरते. याचीही उतरली.

पण वाहून जाणाऱ्या प्रथिनांत रोगाशी लढणारी प्रथिनेही असतात. शिवाय या रोगावरची प्रेडनिसोलोनची गोळी अंगातली लढण्याची ताकद कमी करते. म्हणून दुसऱ्या मुलाची चार दिवसांत जाणारी सर्दी अशा मुलाच्या छातीत उतरू शकते. सर्दीमुळे गेलेली सूजही परत येते.

तसेच झाले. थंडीत थोरल्या बहिणीची सर्दी याला लागली. बापाने आपल्या मनाने गोळ्या बंद केल्या. का, तर "गुरुजी, त्या गरम पडतात!" ही मोठी चूक. बाहेरून गोळी मिळू लागली की शरीर तसला रस स्वतः कमी बनवते. आजारपणातच गोळी एकदम तोडली, तर जिवावर बेतते.

तिसऱ्या रात्री मला हाक आली. पोराचे पोट उडत होते. फासळ्यांखालची छाती आत ओढली जात होती. मी घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. ५२ भरले. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास ४० किंवा जास्त झाले, तर ते जलद समजावेत. आजी पोटावर चटका द्या म्हणत होती. मी म्हटले, "आजी, आधी जीप बोलवा." थोडे रागानेच बोललो.

रुग्णालयात तीन दिवस प्राणवायू दिला. फ्ल्यू निघाला. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. डॉक्टरांनी बापाला बजावले, "सर्दीताप आला की त्याच दिवशी विचारायला या. दरवर्षी फ्ल्यूची लस घ्या, घरातल्यांनीही. न्युमोनियाची लसही द्या. गोवर-कांजिण्यांची लस मात्र गोळ्या चालू असताना आम्हाला विचारल्याशिवाय नको."

आता बाप रोज सकाळी लघवीत पट्टी बुडवून रंग पाहतो आणि वहीत लिहितो. आमच्या रात्रीच्या वर्गात तो गेल्या वर्षी अक्षरे शिकला. परवा वही दाखवायला आला. २३ दिवसांपुढे एकच शब्द होता : 'नाही'. म्हणजे लघवीत प्रथिने नाहीत. 'ही'ची वेलांटी चुकली होती. मी ती तशीच राहू दिली.