रुसवा नव्हे गं, धास्ती

काल फोनवर म्हणालीस, "ताई, हे उशिरा आले की मी बोलतच नाही." अगं, मानकोलीच्या गोदामातून सुटलेला माणूस अंजूरफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकणारच! हे तुलाही कळतं. तरी दार उघडून तोंड फिरवतेस, ताट आपटतेस, आणि ते बाहेरच्या खोलीत जाऊन बसले की पुन्हा मागे मागे जातेस.

तू वर्षाची होतीस तेव्हा आई यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरायला जायला लागली. बाबांची रात्रपाळी. साच्यांच्या खडखडाटात लेकरू ठेवणार कुठे? म्हणून तुला मुरबाडला आजीकडे धाडलं. घरात अजून म्हणतात, "बिचारी आईविना वाढली." मला नाही पटत. आजी होती की! तुझा जीव तुटला तो शाळेसाठी आईबाबांकडे परत आणलं तेव्हा. गावची कापडी पिशवी छातीशी धरून दारात बसायचीस. आईने भरवलेला घास थुंकायचीस, आणि ती उठली की तिचा पदर सोडायची नाहीस. सगळे तुला हट्टी म्हणायचे. आजी दुरावली म्हणून तुला कुणी जवळ घेतलं नाही.

लहानपणीच्या या ओढीचा सिद्धांत मांडणारा लंडनचा जॉन बोल्बी. तो चारेक वर्षांचा असताना त्याला सांभाळणारी दाई घर सोडून गेली, आणि आई गमावल्याइतकं ते त्याला लागलं. पुढे त्याच्यासोबत काम केलेल्या मेरी एन्सवर्थने युगांडात, मग बाल्टिमोरमध्ये घरोघरी बसून बाळं न्याहाळली. मग एका अनोळखी खोलीत आई-बाळांना आणून पाहिलं. आई खोलीबाहेर गेली की रडणारी पुष्कळ; तिने बारकाईने पाहिलं ते आई परत आल्यावर. काही बाळं बिलगून शांत होतात, काही ढुंकूनही बघत नाहीत, काही बिलगतात आणि लाथाही झाडतात. ओळखलंस ना स्वतःला?

कपाळी कोरल्यासारखं हे कायमचं नसतं बरं का. भरवशाचं माणूस मिळालं की ही सवय सैलावते, आणि तुझे भरवशाचे आहेत. फक्त त्यांना "कुठे होतात?" विचारू नकोस. "मला धास्ती वाटली" एवढंच सांग. पहिल्यांदा जीभ अडखळेल. आजीबद्दलही बोल त्यांच्याशी, रडू आलं तर येऊ दे.

आणि तुझ्या पिल्लूला पाळणाघरात सोडताना गुपचूप सटकतेस ते बंद कर. रडली तरी सांगून निघ. चारला येते म्हणालीस तर चारलाच जा. उशीर होणार असेल तर मला फोन कर, मी आणेन तिला.