कौशल्याचा खेळ कीं पैज?

खऱ्या क्रिकेट सामन्यांतले खेळाडू निवडून आपला संघ मांडावयाचा, प्रवेशाचे पैसे भरावयाचे, व त्या खेळाडूंच्या त्या दिवसाच्या धांवा व बळी मोजून बक्षिसाची वाट पाहावयाची, हा खेळ मोबाइलवरून खेड्यापाड्यांत पोहोंचला. “हा जुगार नव्हे, न्यायालयानेंच तसें ठरविलें आहे,” असें तरुण मंडळी आम्हांस सांगत, आणि तें निराधार नव्हतें. १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्यानें केवळ कौशल्याचे खेळ वगळले होते. त्याच आधारें २०१७ सालीं पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयानें ड्रीम इलेव्हनचा खेळ कौशल्याचा ठरविला.

परंतु ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें ऑनलाइन खेळांविषयीं कायदा संमत केला, त्यानें प्रश्नच बदलला. खेळ बुद्धीचा कीं दैवाचा, हें तो विचारीत नाहीं. पैसे लावून पैसे मिळण्याची आशा आहे काय, इतकेंच विचारतो. असा खेळ चालविणारास तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगितलीं आहेत. जाहिरात करणाराही सुटत नाहीं. ड्रीम इलेव्हननें त्याच महिन्यांत पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. (पैशांवांचून संघ मांडण्यास मनाई नाहीं, मात्र त्यांत कितीजणांचें मन रमेल, हा प्रश्नच आहे.)

नुसत्या खेळणारास मात्र ह्या कायद्यानें शिक्षा ठेविली नाहीं, व तें आम्हांस योग्य वाटतें. उपदेशकबंधूंनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें. हरलेला मुलगा पोलिसांच्या धाकानें कर्ज बापापासून लपवीत असेल, तर बोध मागाहून करावा; ही गोष्ट त्यास आधीं सांगावी, म्हणजे तो सावकाराचा आंकडा तरी घरांत उघड करील.