बाळंतपणातील तीन विलंब : शहाड परिसराच्या संदर्भात

बाळंतपणात माता दगावते तेव्हा कारण म्हणून अतिरक्तस्राव, जंतुसंसर्ग किंवा वाढलेला रक्तदाब नोंदला जातो. परंतु या कारणांना जीवघेणे रूप अनेकदा विलंबामुळे येते. थॅडियस आणि मेन या अभ्यासकांनी १९९४ मध्ये या विलंबाचे तीन टप्पे सांगितले : दवाखान्यात जाण्याचा निर्णय, तेथवरचा प्रवास आणि पोहोचल्यावर योग्य उपचारांची सुरुवात.

पहिला विलंब घरात होतो. पायांवरची सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढची अंधारी यांवर 'या दिवसांत असे होतेच' असे म्हणून पडदा टाकला जातो. वास्तविक विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळल्यास ते गर्भारपणातील उच्च रक्तदाबाचे लक्षण असते, ते झटक्यांपर्यंत जाऊ शकते आणि सुरुवातीला त्याचा त्रास जाणवतोच असे नाही. म्हणून बाराव्या आठवड्याच्या आत नोंदणी आणि त्यानंतरच्या किमान तीन तपासण्या टाळता येत नाहीत. बाळाची हालचाल मंदावली, रक्तस्राव झाला किंवा अंगावरून पाणी गेले, तर सकाळची वाट पाहू नये.

दुसरा विलंब प्रवासात होतो. शहाड हे कल्याण-कसारा मार्गावरील स्थानक. एकीकडे कल्याण, दुसरीकडे उल्हासनगर आणि जवळून वाहणारी उल्हास नदी. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान याच नदीच्या पुरात अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून सुमारे हजार प्रवाशांची सुटका झाली, त्यांत नऊ गर्भवती होत्या. ज्यांची तारीख पावसाळ्यात येते, त्या कुटुंबांनी पाण्याखाली न जाणारा दुसरा रस्ता आणि रात्रीचे वाहन सातव्या महिन्यातच ठरवावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहेच, पण तिच्यासाठीही रस्ता मोकळा लागतो.

तिसरा विलंब टाळण्यासाठी रुग्णालयात रात्री सिझेरियन होते का, रक्त कोठून मिळते आणि आजारी नवजाताची सोय आहे का, हे आधीच विचारावे. चांगले रुग्णालय या प्रश्नांनी दुखावत नाही. शासकीय रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार २०११ पासून सिझेरियनसह प्रसूती, औषधे, रक्त आणि ने-आण विनामूल्य आहे. पहिल्या खेपेस माहेरी जाण्याची रीत मायेची आहे, मात्र सोबत माता व बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे अहवाल आणि रक्तगटाची नोंद नसेल तर नव्या डॉक्टरांना सारे पुन्हा शोधावे लागते. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागते, हे अशा धावपळीत निसटू शकते.

प्रसूतीनंतर धोका सरत नाही. पहिल्या चोवीस तासांतील रक्तस्राव आणि पुढील सहा आठवड्यांतील रक्तदाब यांवर लक्ष हवे. बाळ दूध ओढत नसेल, थंड पडले असेल किंवा पहिल्याच दिवशी पिवळे दिसत असेल, तर सव्वा महिन्याचा नेम बाजूला ठेवून माता-बालकाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.